तारेपलीकडची मूठ

चांगदेवचा आजा मेंढरांमागं रानोमाळ फिरला, साप दिसला तर काठीनं बाजूला सारला, त्याच्याच बिळाशेजारी घोंगडी टाकून झोपला आणि म्हातारपणी खोकल्यानं गेला. नातू मात्र वरवंडच्या फरशी घातलेल्या अंगणात सापाची कात दिसल्यापासून मोरीत जाताना टाळ्या वाजवत होता.

कात सापडली ती घर बांधून उरलेल्या विटांच्या ढिगाशी. पावसाळा तोंडावर आलेला. अंगणातलं गवत काढा, पाणी साचू देऊ नका, अडगळ हलवा, असा लांबलचक सल्ला चांगदेवनंच गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता आणि लोकांनी त्याला भरभरून अंगठे दिले होते. पण गल्लीची अडगळ वेगळी आणि स्वतःची वेगळी. स्वतःच्या अडगळीला स्वतःची कंबर लागते.

"इटा उचल," त्याची आई अनसाबाई ओट्यावरून म्हणाली. "ढीग हाय तवर उंदीर, आन् उंदीर हाय तवर साप. येवढं तर मेंढराला बी कळतंय."

चांगदेवनं वेगळा मार्ग काढला. राहू गावचा त्याचा मेव्हणा म्हणाला होता, उसाला टाकायच्या दाणेदार औषधाच्या वासानं साप पळतो. मेव्हण्याला माहिती कमी असायची, पण आवाज मोठा होता. शनिवारी संध्याकाळी चांगदेवनं त्याच्याकडूनच अर्धी पिशवी आणली. पिशवीवर जहाल विषाचा लाल त्रिकोण होता. दौंडच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून त्या त्रिकोणाचा अर्थ तो दरवर्षी नव्या पोरांना समजावून सांगायचा. तो पगाराचा भाग होता. घरी कोण पगार देतंय?

त्यानं ढिगाभोवती रिंगण घातलं, कुंपणाच्या कडेनं ओळ ओढली. मग त्याच्या मनात आलं, साप पळाला तर शेजारी जाणार आणि तिथून पुन्हा इकडंच येणार. म्हणून शेवटची मूठ त्यानं तारेतून पलीकडं, लालमहंमदमामांच्या अंगणात भिरकावली. विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते.

लालमहंमदमामांचं हायवेला वेल्डिंगचं दुकान होतं आणि त्यांच्या बायकोच्या, हमीदामामींच्या, गावठी कोंबड्या होत्या. मुलगी तहमीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ नुकतंच झालं होतं. तिच्या सूपसाठीच मामींनी त्या कोंबड्या दाणे घालून घालून पोसल्या होत्या.

रविवारी सकाळी दोन कोंबड्या माना टाकून मेल्या.

"मानमोडी आली बघा, चांगदेव," मामी तारेपलीकडून म्हणाल्या.

कोंबड्या कुठं पडल्यात हे चांगदेवनं पाहिलं. "हवाच तशी आहे, मामी," तो म्हणाला, आणि घरात जाऊन स्वच्छ असलेले हात पुन्हा धुतले.

मानमोडीवर गावाकडं उपाय एकच: मेलेल्या पुरायच्या आणि चालत्याफिरत्या आहेत त्या रोगानं धरायच्या आत कापायच्या. दुपारपर्यंत तारेवरून मसाल्याचा वास यायला लागला.

"आपली वाटी त्यांच्याकडंच हाय," अनसाबाई खुशीत म्हणाली. "रस्सा येनार."

सगळ्याच कोंबड्यांनी ते दाणे काही टिपले नसतील, असं चांगदेवनं स्वतःला समजावलं. शिजवल्यावर काही उरत नाही, असंही समजावलं. मग त्याला आठवलं, पहिली वाटी तहमीनाला जाणार, आणि तिच्या दुधातून बाळाला. तो चप्पल न घालताच निघाला.

"या!" बाजेवर बसलेले लालमहंमदमामा म्हणाले. "वास बरोब्बर लागला व्हय?"

"मामा, ते खाऊ नका. बर्ड फ्लू आलाय."

"कुनी सांगितलं?"

"ग्रुपवर आलंय."

"ग्रुपवर तर तुम्हीच टाकता की ओ!" मामा खो खो हसले.

"उकळल्यावर कसला आलाय फ्लू?" मामी पातेल्यातून सूप वाटीत काढत म्हणाल्या. "माझ्या सासूनं असल्या कोंबड्या खाऊन नव्वदी गाठली."

"मी नमुना नेतो. कॉलेजात तपासून घेऊ."

"आज रविवार हाय, चांगदेव."

दाराशी बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या तहमीनानं वाटी घेतली, फुंकर घातली आणि ओठाला लावली. चांगदेवनं पुढं होऊन ती हिसकावली. सूप त्याच्या मनगटावर सांडलं.

"औषध टाकलंय मी," तो म्हणाला. "उसाचं. सापासाठी."

पातेलं तेवढं रटरटत होतं.

"प्यालीस?" मामींनी पोरीला विचारलं.

"न्हाई, अम्मी."

लालमहंमदमामांनी घसा साफ केला. "तुमच्या अंगनात टाकलं आसंल. आमच्याच कोंबड्या तारंखालनं जात्यात. बांधून ठेवायला पायजे हुत्या आम्ही."

माणूस त्याला वाट काढून देत होता. चांगदेवला फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण तारेजवळ बाळाची दुपटी वाळत होती, आणि त्यातलं एक वाऱ्यानं खाली मातीत पडलं होतं.

"तुमच्या बी अंगनात टाकलंय," तो म्हणाला. कॉलेजात गेल्यापासून असं गावाकडचं त्याच्या तोंडून आलं नव्हतं.

मामींनी ते दुपटं चिमटीत उचललं आणि पातेलं चुलीवरून उतरवलं.

दुपारभर चांगदेवनं खड्डा खणला, कोंबड्या आणि पातेल्यातलं सगळं त्यात पुरलं, तारेच्या दोन्ही बाजूंची माती खरवडून पोत्यात भरली. गल्ली ओट्यावर बसून बघत होती. काय चाललंय असं कुणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. मग त्यानं विटाही हलवल्या. वाटलं होतं त्याहून लवकर झालं. खाली उंदराची पिल्लं होती. साप नव्हता.

दिवेलागणीला मामी तारेशी आल्या. हातात अनसाबाईची वाटी होती, घासून लख्ख केलेली आणि साखरेनं भरलेली. दोन्ही घरांत रिवाज होता, आलेली वाटी रिकामी परत जायची नाही.

"रिकामी कशी देऊ?" म्हणाल्या आणि वळल्या. त्याला नावानं हाक मारली नाही.

अनसाबाईनं चहा ठेवला होता. चांगदेवनं वाटीतून चमचा भरला आणि त्याचा हात थांबला. नकळत त्यानं चमचा दिव्याकडं धरला, दाणे बघितले. मग आपण काय बघतोय ते त्याला कळलं, आणि दिवसभरात वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

आई बघत होती.

"घाल की," ती म्हणाली. "हातात दिलीया ती. भिरकावली न्हाई."

त्यानं दोन चमचे घातले. चहा फार गोड झाला, आणि तो सगळा प्यावा लागला.