माझ्याच नावाची दुसरी

मित्रांनो, मी एक जुनी शाखा आहे. झाडाची नव्हे, आणि बँकेचीही नव्हे. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी माणसं आपल्या कामाची एकेक पायरी जपून ठेवतात. त्या पायऱ्यांच्या रांगेला ती ब्रँच म्हणतात, म्हणजे मीच. माझा मुक्काम ताईच्या लॅपटॉपमध्ये असतो. त्याची बिजागरी कुरकुरते आणि दोन बटणांवरची अक्षरं पार पुसली आहेत.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ शाळेच्या बसचा प्रोग्राम चालवतात. कोणती बस कुठल्या थांब्यावर किती वाजता येणार, हे तो आईवडिलांना फोनवर कळवतो. माझा जन्म झाला तेव्हा ताईने माझं नाव 'थांबे' ठेवलं. मला फार आनंद झाला. तो अर्धा तासही टिकला नाही, कारण तिने लगेच माझी एक प्रत दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे दोघा भावंडांच्या सामायिक संगणकावर, पाठवली आणि तिचंही नाव 'थांबे'च ठेवलं.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. राबायचं मी. चुका, खोडाखोड, ताईचे सुस्कारे, सगळं माझ्या वाट्याला. काम नीट जमलं की ताई ते पुश करते, म्हणजे सर्व्हरवर धाडते, आणि ती तिकडे आयत्या बिळावर नागोबा होऊन बसते. शाळा तिच्याकडची यादी घेते. बसवाले काका तर म्हणतात, सर्व्हरवरची यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझं नाव कुणी काढत नाही.

एक काम मात्र माझं होतं. ताई मला विचारायची, तिकडची काय खबर? मी ठसक्यात सांगायची, "आम्ही दोघी बरोबरीने आहोत." खरं तर मी सर्व्हरकडे कधी जातच नाही. ताईने मागे कधीतरी तिकडची चौकशी केली, तेव्हा जे टिपून ठेवलं होतं, तेच बघून मी बोलायची.

गेल्या रविवारी दुपारी ताईने असंच विचारलं. शाळेकडचा रस्ता खणायला घेतला होता. सोमवारपासून लहान मुलांचा थांबा हलवायचा होता आणि ते काम भावाकडे होतं. मी नेहमीचं उत्तर दिलं. भावाने काहीच केलं नाही असं समजून ताई चिडली. तिने स्वतःच अंदाजाने थांबा बदलला आणि पुश केलं. सर्व्हरने ते परत पाठवलं. कारणही लिहिलं होतं, पण रागात कोण वाचतं?

अशा वेळी प्रोग्रामवाल्यांकडे एक जालीम उपाय असतो, फोर्स पुश. तिकडे काय आहे ते न बघता ते पुसायचं आणि आपलं लादायचं. ताईने तो हुकूम टाइप केला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला मनातून उकळ्या फुटल्या. आता सर्व्हरवर फक्त मी असणार होते.

एंटर दाबण्याआधी तिने भावाला खडसवायला फोन लावला.

"तू यादीला हातसुद्धा लावला नाहीस."

"शुक्रवारीच केलं, ताई. अकराही थांबे पायी फिरून बघितले."

"मग मला दिसत का नाही?"

"आधी फेच कर ना. नुसतं तुझ्या लॅपटॉपमधलं जुनं स्टेटस बघून भांडतेस. आणि जपून हं, काल माझ्या संगणकाची डिस्क बिघडली. ते काम आता फक्त सर्व्हरवर आहे."

ताईने टाइप केलेला हुकूम खोडला आणि फेच केलं, म्हणजे तिकडची ताजी खबर मागवली. भावाच्या चार पायऱ्या आल्या. शेवटच्या पायरीवर त्याने लिहिलं होतं, 'छोट्यांना रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून थांबा दवाखान्याच्या दारात.' ताईने अंदाजाने ठेवलेला थांबा तर खड्ड्यालगत होता. मग भावाची क्षमा मागून तिने स्वतःचा थांबा काढून टाकला, त्याच्या पायऱ्या माझ्यात जोडल्या आणि पुन्हा पुश केलं. सोमवारी बस दवाखान्यापाशी थांबली.

माझा हेवा गेलाय असं म्हणणार नाही. बसवाले काका आजही तिचंच कौतुक करतात आणि मला झोंबतं. पण मित्रांनो, कुणाविषयी मन कडू करण्याआधी त्याची ताजी खबर घ्या. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते, ती माझ्याच जुन्या टिपणातली होती. खरी ती मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसली, आणि तिलाच मी पुसायला निघाले होते.