अबोली लाउंजमधलं वाण

रत्नप्रभाबाई राऊळांनी टेबलाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, डोळ्यांपुढे धरलं, आणि त्यांच्या सुनेने घाईने इकडेतिकडे बघितलं.

"आई, हात खाली घ्या ना," रुचिका पुटपुटली.

"अगो, धूळ आसा बघ. वरून चकाचक आणि खाली ही तऱ्हा."

"असू दे. आपण प्रवासी आहोत."

"प्रवाशांका धूळ चालता?"

रुचिकाने मोबाइल काढला आणि मैत्रिणीशी गप्पा मारल्यासारखं दाखवत टाइप केलं: टेबलाखाली धूळ.

रुचिकाची नोकरी अशी होती की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईचे बरे लाड चाललेत. महागड्या तिकिटाच्या प्रवाशांसाठी विमानतळावर लाउंज असतं. मऊ खुर्च्या, फुकट खाणं, आंघोळीची सोय, सगळी बडदास्त. कागदावर लिहिलेलं खरोखर मिळतं का, हे गुपचूप पाहून यायचं काम अंधेरीची एक छोटी कंपनी करायची, आणि रुचिका तिथे सहा महिने कच्च्या नोकरीवर होती. साधी प्रवासी म्हणून जायचं, सेहेचाळीस प्रश्नांची उत्तरं भरायची, कुणाला सुगावा लागू द्यायचा नाही. आजचं अबोली लाउंज हे तिचं शेवटचं परीक्षेचं काम होतं. नीट पार पडलं तर सोमवारी पक्कं पत्र हातात. नाहीतर कन्नमवारनगरात परत घरी बसायचं. गेल्या वर्षी ती आठ महिने तशी बसली होती आणि घराच्या चारही भिंती तिला तोंडपाठ झाल्या होत्या. पुन्हा ते नको म्हणजे नको.

या वेळी जोडीने प्रवास करणाऱ्यांना काय वागणूक मिळते ते तपासायचं होतं. दिल्लीची दोन तिकिटं होती. नवऱ्याला, कृणालला, रजा मिळेना. तो म्हणाला, "आईला ने की. ती कधी विमानात बसली नाहीये." रुचिकाला त्याचं म्हणणं पटलं आणि तिथेच चुकलं. कारण सासूबाई म्हणजे घाटकोपरच्या एका इस्पितळात एकतीस वर्षं काढलेल्या सिस्टर इन्चार्ज. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण वॉर्डातला राउंड काही अंगातून गेला नव्हता. त्या लग्नाच्या हॉलमध्ये गेल्या तरी आधी पाण्याचं पिंप उघडून बघायच्या.

"तुझा काम काय ता मी कोणाक सांगूचंय नाय," असं मात्र त्यांनी देवासमोर हात जोडून कबूल केलं होतं, आणि तो शब्द त्या पाळत होत्या. तोंडाने.

सोळावा प्रश्न होता, रिकामी बशी किती मिनिटांत उचलली जाते? रुचिकाने मेदूवडा संपवला, बशी पुढे सरकवली आणि घड्याळ लावलं. चार मिनिटं. सहा मिनिटं. सातव्या मिनिटाला तिने मान वर केली तर बशी गायब! सासूबाईंनी स्वतःची, तिची आणि शेजारच्या सुटाबुटातल्या गृहस्थांचीही बशी एकावर एक रचली होती आणि तो मनोरा घेऊन त्या भटारखान्याच्या दाराकडे निघाल्या होत्या.

"आई!"

"अगो, पडून रवलेली. माशी बसतली."

भटारखान्याच्या दारात मालन नावाची सफाईवाली उभी होती. तिने धावत येऊन बशा हातातून घेतल्या. रत्नप्रभाबाईंची नजर मात्र तिच्या घोट्यांवर गेली.

"पाय सुजलेत तुझे. कधीपासून उभी आहेस?"

"सहापासून, काकू."

"आता साडेनऊ झाले. बसायला मिळत नाही?"

मालन हसली. "आमच्यासाठी खुर्ची नाही हो इथे. शंभर खुर्च्या आहेत, त्या सगळ्या गेस्टच्या."

रत्नप्रभाबाई परत येऊन बसल्या आणि गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या म्हणजे काहीतरी डोक्यात शिजतंय, एवढं रुचिकाला चार वर्षांच्या सहवासात कळलेलं होतं. पाच मिनिटांनी बाई उठल्या. उपम्याच्या भांड्याचं झाकण उचलून वास घेतला. चमच्याने उपमा उलटसुलट केला आणि "कोरडा ठणठणीत" असं मोठ्याने जाहीर केलं. मग टॉवेलांच्या चळतीतला तिसरा टॉवेल बरोबर मधून उपसून नाकाला लावला. कॉफीच्या यंत्रामागे वाकून बघितलं. चार्जिंगच्या प्लगांपाशी थांबून एकेक बटण दाबत "हा मेला, हा पण मेला, हा जिवंत," अशी हजेरी घेतली.

आणि मग लाउंजमध्ये काय चमत्कार झाला म्हणता! कोपऱ्यातला वेटर ताठ झाला. कोणीतरी उपम्याचं भांडं उचलून आत नेलं आणि वाफाळतं नवीन आणलं. काउंटरवरच्या मुली एकमेकींच्या कानाला लागल्या. लाउंजची मॅनेजर, सुलक्षणा नावाची पस्तिशीची चुणचुणीत बाई, निळ्या साडीच्या निऱ्या सावरत बाहेर आली आणि दुरूनच रत्नप्रभाबाईंकडे बघत उभी राहिली.

रुचिकाच्या डोक्यात उजेड पडला. या लोकांना वाटतंय तपासायला आलेली बाई हीच! तिला हसूच फुटलं. झकास झालं की. सगळ्यांचे डोळे सासूवर, सून आपली बिनघोर. आता खरी सेवा दिसणार नाही हे खरं, पण आधीच्या पाऊण तासाच्या नोंदी तिच्याकडे होत्या. एकतिसावा प्रश्न आंघोळीच्या खोलीचा होता. "आई, इथेच बसा, मी दहा मिनिटांत आले," असं सांगून ती बिनधास्त निघून गेली.

ती परत आली तेव्हा सुलक्षणा रत्नप्रभाबाईंसमोर वाकून उभी होती. हातात सोनेरी दोरीची मोठी पिशवी, पिशवीवर तिळगुळाची पुडी.

"काकू, संक्रांत झाली ना नुकतीच. आमच्या लाउंजकडून छोटंसं वाण. गोड बोला हं."

रत्नप्रभाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी खांद्यावरचा पदर पुढे घेतला, दोन्ही हातांनी पसरला, आणि ती पिशवी पदरात घेतली. "माका?" एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

रुचिका जागीच थांबली. कंपनीचा पहिलाच नियम होता, आणि तो सासूबाईंना सांगायचं तिला सुचलंच नव्हतं, कारण विमानतळावर कोणी भेटवस्तू देईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तपासणाऱ्याने किंवा त्याच्या सोबत्याने लाउंजकडून काहीही घेतलं की रिपोर्ट रद्द, आणि कच्चा माणूस असेल तर नोकरीही रद्द. वाट लागली!

सुलक्षणा हसत निघून गेली. रुचिका खुर्चीत धपकन बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "आई, ते परत करा. आत्ताच्या आत्ता. माझी नोकरी जाईल."

रत्नप्रभाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पिशवी तशीच मांडीवर होती.

"वाण परत करतत काय गो?" त्या हळूच म्हणाल्या. मग पिशवीची सोनेरी दोरी बोटाभोवती गुंडाळू लागल्या. "तुझे सासरे गेल्यापासून चार वर्षांत माका कोणी वाण देऊक नाय. आज त्या पोरीन दिला. मी घेतलंय. माझो हात मागे घेववलोच नाय."

रुचिकाला चटकन गेला रविवार आठवला. बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. ती नवी साडी नेसून, गजरा माळून खाली गेली आणि स्टीलचा डबा घेऊन वर आली. दार सासूबाईंनीच उघडलं होतं. "काय दिल्यानी?" असं त्यांनी हौसेने विचारलं, आणि तिने डबा दाखवला. डबा छान आहे, असं त्या म्हणाल्या. तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं. आता मात्र तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. एकाच घरात राहून, रोज एका ताटात पापड मोडून, हे आपल्याला दिसलं नाही!

"राहू दे, आई," ती म्हणाली. "नका परत करू."

"आणि तुझी नोकरी?"

"बघू."

"बघू काय? तेंका सांग, सासू येडी आसा. पिशवी माझ्याच हातात होती, तुका ठाऊकच नाय होता, म्हणान सांग."

"असलं काही सांगणार नाही मी. तुम्ही वेड्या नाही आहात."

रत्नप्रभाबाईंनी डोळे पुसले, नाक ओढलं, आणि त्यांच्यातली सिस्टर इन्चार्ज जागी झाली. "वाण परत करूचा नसता," त्या म्हणाल्या, "पण वाटूक येता."

पिशवीत साबण, चहाचा डबा, हातरुमालांची पेटी, चॉकलेटं, हाताला लावायची मलमं असं बरंच काही होतं. बाई थेट भटारखान्याच्या दाराशी गेल्या. मालनच्या कपाळावर काही नव्हतं, गळ्यातही नव्हतं, हे त्यांनी मघाशीच टिपलेलं असणार. पहिलं वाण त्यांनी तिलाच दिलं.

"मला नको, काकू," मालन मागे सरली. "माझे मिस्टर नाहीत."

"माझेही नाहीत," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पदर पुढे कर."

मालनने पदर पुढे केला. मग काउंटरवरच्या दोघी आल्या, इडलीच्या भांड्यामागची आचारीण आली, आंघोळीच्या खोल्या पुसणारी आली. सगळ्यांच्या हातावर तिळगूळ पडला. शेजारचे सुटाबुटातले गृहस्थ लॅपटॉप मिटून बघत होते, त्यांनाही चिमूटभर मिळाला. शेवटचा साबण उरला तो सुलक्षणाच्या हातात गेला. ती बिचारी गोंधळून म्हणाली, "काकू, हे तर आम्ही तुम्हाला..."

"मग काय झालं? मी तुला दिलं. आणि ऐक, या पोरींसाठी दोन खुर्च्या मागून घे."

पिशवी रिकामी झाली. घडी घालून त्यांनी ती काउंटरवर ठेवली.

विमानाच्या दाराशी रांगेत उभं राहून रुचिकाने रिपोर्ट भरला. शेवटी तो प्रश्न होताच. भेटवस्तू स्वीकारली का? तिचा अंगठा 'नाही'वर दोनदा गेला. खरं तर आता जवळ काहीच नव्हतं, कोणाला कळणारही नव्हतं. पण मग सासूबाईंनी पदरात घेतलेलं ते खोटं पडलं असतं. तिने 'हो' दाबलं. कोणी? सोबतची व्यक्ती, माझ्या सासूबाई. परत केली का? नाही, तिथल्याच बायकांत वाटली. कारण? तिथे तिने लिहिलं: त्या विधवा आहेत. चार वर्षांत त्यांना कोणी वाण दिलं नव्हतं. आज दिलं, आणि ते परत करा असं सांगायचा मला धीर झाला नाही. खाली 'इतर' मध्ये, काम करणाऱ्या बायकांना बसायला एकही खुर्ची नाही, हेही लिहिलं. आणि पाठवून दिला.

दिल्लीपर्यंत सासूबाई खिडकीतून ढग बघून हरखत होत्या आणि मधेच "माझ्यामुळे झाला सगळा" म्हणून उसासत होत्या. रुचिका त्यांचा हात धरून बसली होती.

उतरल्यावर मोबाइल चालू केला तर साहेबांचे, प्रज्योतचे, तीन मिस्ड कॉल. तिने देवाचं नाव घेतलं आणि फोन लावला.

"रुचिका, रिपोर्ट रद्द झाला," प्रज्योत म्हणाला. "नियम आहे. दुसरं कोणीतरी जाईल."

"हो, सर."

"आता पुढचं ऐक. वर्षभरात त्या लाउंजला आपली सात माणसं गेली. सगळ्यांनी दहापैकी नऊ दिले. मला कळेना, मग तिकडच्या प्रवाशांच्या एवढ्या तक्रारी का येतात? आत्ता एकेकाला फोन करून विचारलं. सातही जणांना पिशवी मिळाली होती. एकानेही लिहिलं नाही, यार! तू पहिली. सोमवारी पत्र घ्यायला ये."

रुचिकाच्या तोंडून आधी निघालं, "त्या सुलक्षणाचं काय होणार?"

"तिला काही नाही. पिशव्या त्यांच्या वरच्या ऑफिसातून येतात, आपलं तक्रारीचं पत्रही तिथेच जाईल. खुर्च्यांचं पण त्यात घालतोय." प्रज्योतने आवाज खाली आणला. "ते कारण लिहिलंस ना... माझे बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. आई या दिवसांत संध्याकाळी खिडकी लावून टीव्ही मोठा करते. मी तिला रोज ओरडतो, आवाज कमी कर म्हणून. का मोठा करते, ते कधी विचारलंच नाही गं."

रुचिकाने फोनवर हात ठेवून सासूबाईंना पत्राचं आणि साहेबांच्या आईचं थोडक्यात सांगितलं आणि फोन त्यांच्याकडे दिला. रत्नप्रभाबाईंनी फोन कानाला घट्ट लावला.

"रथसप्तमीला अजून आठ दिवस आहेत, सर," त्या म्हणाल्या. "राहता कुठे तुम्ही? मुलुंड? मग लांब नाही. आईला सांगा, रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी येतोय. दार उघडं ठेवा."