पहिल्या दोन ओळी

वाचनालयाच्या दालनात चाळीस मधपाळ श्वास रोखून उभे होते. संस्थेच्या सचिव रायनाने नव्या सर्व्हरवर फाईल तीनदा चढवली. तिन्ही वेळा पडद्यावर तेच उत्तर आलं: प्रवेश नाकारला. मग संस्थेची साईट सांभाळणारा डेल्चो पुढे आला. त्याने तिचा पेनड्राइव्ह मुठीत धरला, तीनदा फुंकर मारली, दृष्ट लागू नये म्हणून 'पू, पू' केलं, ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि काहीतरी पुटपुटला. मिनिटभराने तो परत देत म्हणाला, "आता टाक, ताई."

फाईल सरसर चढली. टाळ्यांनी दालन दणाणलं.

"गुण आहे बाई पोराच्या हाताला!" त्सोना आजीने डोळे पुसले.

आमच्या डोब्रुजा प्रांतात डिसेंबरातल्या इग्नाझदेन सणाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल कोणाचं पडतं, त्यावर पुढचं वर्ष ठरतं असं मानतात. डेल्चोचं पाऊल हलकं, म्हणून त्या दिवशी त्याला दहा घरांची बोलावणी. आमच्यातल्याच स्टामेन मधपाळाचं जड, तो बिचारा दुपारपर्यंत कोणाचा उंबरा ओलांडत नाही.

"अहो, यंत्रालासुद्धा हात ओळखता येतो," डेल्चो रंगात आला होता. "सर्व्हर म्हणजे पोळंच. परका हात आला की डसतो. खरं ना, बाई?"

तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. डेल्चो माझा सर्वांत हुशार विद्यार्थी. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हे त्याला मीच शिकवलं होतं. मला वाटलं, गंमत करतोय. मी हसले. बाई हसल्या म्हणजे खरंच असणार, असं सगळे धरून चालले.

ही एप्रिलमधली गोष्ट. त्या फाईलमध्ये कोणाच्या मधमाश्यांच्या पेट्या कुठे आहेत आणि त्याचा फोन कोणता, याची नोंद असते. शेतकऱ्याने फवारणीची वेळ कळवली की संस्थेची साईट आसपासच्या मधपाळांना निरोप धाडते आणि ते पेट्या बंद करतात. मे महिन्यात साईट कोसळली. जपून ठेवलेली ताजी फाईल रायनाकडे होती, वार्नाला जाताना डेल्चोनेच काढून दिलेली. तिने चढवली. प्रवेश नाकारला.

"मला उघडून बघू दे," मी म्हणाले.

"नको हो बाई," त्सोना आजीने माझं मनगट धरलं. "बिघडली म्हणजे? डेल्चो परवा येतोय वार्नाहून. त्याचाच हात लागू दे."

मी हात मागे घेतला. दोन दिवस आम्ही थांबलो. रेपसीड या तेलबियांच्या पिकावर फवारणीची सूचना आली तेव्हा रायनाने आठवतील तेवढ्यांना फोन केले. स्टामेनने आठवड्यापूर्वीच पेट्या त्याच शेताकडेला हलवल्या होत्या, हे तिला ठाऊक नव्हतं. फाईलला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मी तिथे गेले. पेट्यांपुढच्या गवतावर मेलेल्या माश्यांचा थर साचला होता. काही अजून जागच्या जागी गरगरत होत्या. स्टामेन फावड्याने त्या गोळा करत होता.

"जड पावलाचा माणूस मी," तो म्हणाला. "माझंच नशीब, बाई."

मी तिथून थेट रायनाच्या घरी गेले आणि फाईल उघडली. साधा मजकूर असतो तो, कोणालाही वाचता येतो. पहिल्या दोन ओळींत हुकूम होते: 'डेल्चो' नावाची नवी खोली बांध, त्या खोलीत जा. खाली आमच्या नोंदी.

भाड्याच्या सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं नांदतात. प्रत्येकाला एक खोली मिळते आणि तिचीच किल्ली. नवी खोली बांधायला किंवा दुसऱ्या खोलीत शिरायला निघालात, तर यंत्र नाही म्हणतं. तसं म्हणणं हेच त्याचं काम. ड्राइव्हवर एप्रिलची फाईलही होती, डेल्चोने मंत्र म्हणून परत दिलेली. तिच्यात या दोन ओळी नव्हत्या; पुटपुटताना त्याने लॅपटॉपवर त्या पुसल्या होत्या. वार्नाला जाताना दिलेल्या फाईलमध्ये त्या पुन्हा आल्या होत्या.

संध्याकाळी सगळे वाचनालयात जमले. डेल्चोही आला होता.

"फुंकर मार, काय म्हणायचं ते म्हण," मी त्याला ड्राइव्ह दिला. "फक्त तुझ्या लॅपटॉपला लावू नकोस."

"काय बाई! या वयात माझी परीक्षा?"

"हो."

त्याने फुंकर मारली. 'पू, पू' केलं. रायनाने फाईल चढवली. प्रवेश नाकारला. पुन्हा केलं. पुन्हा नाकारला.

मी स्टामेनला बोलावलं. "या दोन ओळी पुसा."

"मी? बाई, माझा हात..."

"तुमचाच हवाय."

त्याने एका बोटाने चाचपडत ओळी पुसल्या. मग मी दाखवली ती आमची खोली निवडली आणि फाईल चढवली. ती चढली. कोणी टाळी वाजवली नाही.

"म्हणजे," स्टामेन हळूच म्हणाला, "परवापण गेली असती?"

"गेली असती. कोणाच्याही हाताने."

"बाई, लोकांना आवडतं हो ते," डेल्चो म्हणाला. "म्हणून करत गेलो. आणि तुम्हीसुद्धा हसलात की तेव्हा."

फसवलं त्याने. पण त्या फसवणुकीला माझ्या हसण्याची साक्ष होती.

स्टामेनने यादीत आपलं नाव शोधलं. पुढे बावीस पेट्या लिहिल्या होत्या. त्याने बावीस खोडून शून्य केलं आणि टोपी उचलून निघून गेला.

हाताला गुण असल्याचं कोणी सांगितलं तर भांडू नका, हसूही नका. तेच काम, तेच साहित्य, उघड्यावर, दुसऱ्याच्या हाताने करून बघा. आणि ते लगेच बघा. आपण भिडेपोटी थांबतो, पण विषाची फवारणी कोणासाठी थांबत नाही.