रिकाम्या कुकरच्या तीन शिट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. तीन लिटरचा, पोटाला एक पोचा पडलेला, दांडा जरा सैल. पण तक्रार करायला बसलेलो नाही. मला आभार मानायचे आहेत.

कारखान्यात धातूच्या गोल चकतीला दाबून माझं भांडं घडवलं. जन्मच दाबाखाली झाला, म्हणून पुढे दाबाचं फारसं काही वाटलं नाही. तपासनिसाने माझ्यात वाफ कोंडून पाहिली आणि म्हणाला, "हा टिकेल." त्या दोन शब्दांवर मी पंधरा वर्षं एका घरात राबलो. मग तिथे नवा, चकचकीत कुकर आला. मी माळ्यावर गेलो आणि माळ्यावरून थेट जुन्या भांड्यांच्या दुकानात. फुटक्या बादलीत धूळ खात पडलो होतो, तेव्हा ती आली. विद्यापीठात शेवटच्या वर्षाला शिकणारी मुलगी.

"रिंग नवी घालून द्या. शिट्टीपण," ती म्हणाली.

"ताई, रिंग फुकट, शिट्टी फुकट, मग कुकरचे तरी पैसे कशाला घेऊ?"

"नका घेऊ."

दुकानदाराला हसू आलं आणि किंमत बरीच खाली उतरली.

ती वरच्या खोलीत भाड्याने राहायची. खाली घरमालकीण, शिवणकाम करणारी मावशी. मुलगी काटकसरीत पक्की होती. बाहेरचं खाणं बंद, पुस्तकं ग्रंथालयातली, बसचे दोन थांबे चालत, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवलेला. एकदा शिजवायची आणि दोन वेळा जेवायची. संध्याकाळी माझी तिसरी शिट्टी झाली की खाली मावशीचं मशीन क्षणभर थांबायचं. "झालं वरचीचं जेवण," असं म्हणून ती पुन्हा पाय मारायची. मला फार अभिमान वाटायचा.

मग तिची शिष्यवृत्ती अडकली. परीक्षेची फी भरायला चार आठवडे उरले. फी भरली नाही तर वर्ष बुडणार. तिचे बाबा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. घरी सांगितलं असतं तर त्यांनी मालकाकडून उचल घेतली असती. म्हणून ती घरी काही बोलली नाही. तिने शिजवणं अर्ध्यावर आणलं, तेही सकाळी, आणि संध्याकाळचं जेवण सोडलं.

पहिल्याच संध्याकाळी जिन्यातून हाक आली. "काय गं, आज कुकर रुसला का?"

"भूकच नाही, मावशी!"

असं रोज कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात नुसतं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि तीन शिट्ट्या होऊ दिल्या. खाली मशीन थांबलं आणि समाधानाने पुन्हा सुरू झालं. मुलगी पेलाभर गरम पाणी मीठ घालून प्यायली आणि अभ्यासाला बसली. मित्रांनो, माझ्या हातून कधी डाळ करपली असेल, पण खोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी तिला गॅसही जास्त जळतोय असं वाटलं, म्हणून पाणी अगदी बोटभरच घातलं. पुस्तक उघडलं आणि तिचा डोळा लागला. माझं पोट कोरडं पडलं. झाकणावरचा छोटा वॉल्व्ह वितळला आणि मी जीव खाऊन फुसकारलो.

गळ्यात टेप तशीच घेऊन मावशी धावत वर आली. तिने गॅस बंद केला, मला फडक्याने उतरवलं, जरा थंड होऊ दिलं आणि झाकण उघडलं. बराच वेळ ती आत पाहत राहिली.

"भात कुठंय?"

मुलीने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"फी साठवतेय, मावशी."

"आणि गॅस जाळून मला वाफ ऐकवतेस? याला काटकसर म्हणतात होय गं? विद्यापीठात विचारलंस का, थोडं थांबता का म्हणून?"

"विचारायची लाज वाटली."

"आणि उपाशी राहायची नाही वाटली!" मावशीचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. मग तिने मुलीला हाताला धरून खाली नेलं आणि आधी जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी फीच्या खिडकीवरचे कारकून म्हणाले, "शिष्यवृत्ती अडकलेल्यांना दोन हप्ते आहेत. महिनाभर फळ्यावर कागद लावलाय!" त्या फळ्यापुढून ती रोज खाली मान घालून गेली होती.

मावशीने मला नवा वॉल्व्ह बसवून आणला आणि माझा मुक्काम खाली हलला. एकावर एक डबे, एकात तांदूळ, एकात डाळ, एकात बटाटे. दोघींचं जेवण एकाच आचेवर होऊ लागलं. मावशी म्हणाली, "खर्च अर्धा अर्धा. फुकट वाढलं तर तू उद्या पुन्हा भूक नाही म्हणशील." मुलीचा खर्च वाचला आणि अंगही भरलं. तिने परीक्षा दिली, पास झाली, नोकरीला लागली. जाताना मला पुढच्या भाडेकरू मुलीसाठी ठेवून गेली. दर वर्षी न चुकता माझ्यासाठी नवी रिंग पाठवते.

त्या तपासनिसाचे, घासाघीस करणाऱ्या त्या मुलीचे आणि मावशीचे माझ्यावर उपकार आहेत. तुम्हीही पैसे जरूर वाचवा, मित्रांनो. माझी रिंग धुऊन ठेवा, म्हणजे मीही टिकेन. पण आपल्या ताटातून वाचवू नका, आणि अडलं तर विचारा.

आता मी पुन्हा वरच्या खोलीत असतो, नव्या मुलीकडे. तिसरी शिट्टी झाली की मावशीचं मशीन थांबतं. मात्र आता ते लगेच सुरू होत नाही. "बटण सापडलं का गं माझं इथे?" असं काहीतरी विचारत मावशी जिना चढून येते, आणि बोलता बोलता माझं झाकण उघडून आत बघते.