डावा पाय

"अहो, नुसती ओरडतेय ही, पुढे कुठे जातेय?" मी दाराची मूठ घट्ट धरून विचारलं.

चढावर मागे ट्रक, आणि आमची गाडी मागेच सरकत होती. इंजिनानं कान किटले होते, जळका वास नाकात भरला होता. ह्यांनी हँडब्रेक ओढला तेव्हा कुठे थांबली.

"क्लच गेला," हे म्हणाले. "म्हातारी झाली बिचारी."

बिचारी म्हणे! दोन सीटची, लाल, लग्नाआधीपासूनची. माझी सवत आहे ती, सवत. नव्या नवलाईत ह्यांनी मला तिच्यावरच गाडी शिकवली, तीही घसा फोडून. "पाय उचल पूर्ण! क्लच म्हणजे पायपुसणं नाही!" पुढे किल्ली काही माझ्या हाती आली नाही.

गाडी ओढत नेहमीच्या मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर त्यांनी मला एकटीलाच आत बोलावलं. काढलेली क्लच प्लेट हातात होती, काळीठिक्कर.

"वहिनी, ही गेल्याच वर्षी टाकली होती."

"मग माल खराब असेल."

"माल चोख होता. पाय पेडलवरच राहिला, की अशी जळते. हल्ली गाडी कोण चालवतं?"

"हेच. तिला दुसऱ्याचा हात खपतोय होय ह्यांना?"

मिस्त्री प्लेट पुसत राहिले. "साहेबांचा पाय असा नव्हता हो."

मी बाहेर पाहिलं. हे बाकावर पेपर वाचत होते. डावी चप्पल निघून बाजूला पडली होती आणि अनवाणी पाय सांडलेल्या ऑईलमध्ये होता. ह्यांना पत्ताच नव्हता. महिनाभर हे उंबऱ्याला अडखळत होते आणि मी आपली म्हणत होते, लक्ष कुठे असतं तुमचं!

"आधी डॉक्टर गाठा," मिस्त्री हळूच म्हणाले.

बाहेर आले, तर ह्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "क्लचच ना?"

"क्लचच," मी म्हटलं. वाकून तो पाय पदरानं पुसला, चप्पल घातली. हे पेपरातच बघत राहिले. पेपर मात्र हलत होता.

नवी प्लेट बसल्यावर संध्याकाळी गाडी आणायला गेलो. हे सवयीनं उजव्या दारापाशी गेले. दारावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग वळसा घालून आले आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"तू घे. माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय."

आभाळ तर भरून आलं होतं. मी किल्ली घेऊन उजवीकडे जाऊन बसले.

हे डावीकडे बसले. डावा पाय बाहेरच राहिला होता. दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून त्यांनी तो उचलला, आत ठेवला आणि दार लावून घेतलं.

मी गाडी सुरू केली.

"पाय पूर्ण उचल हं," हे अगदी हळू म्हणाले. "पायपुसणं नाही ते."

"हो," मी म्हटलं, आणि उचलला.