रुमालाखालची करंगळी

मित्रांनो, मी निपाणीच्या तंबाखूबाजारातला एक जुना सौद्याचा रुमाल आहे. माझ्याजवळ नाक आणू नका, शिंका येतील. शहापूरच्या मागावर मला विणले तेव्हा मी लालभडक होतो. आता माझा रंग कोणता, हे मलाही सांगता येणार नाही.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटे धरून सौदा ठरवत. भोवती माणसे असत, पण कुणाला काही कळत नसे. कळायचे ते फक्त मला. त्यामुळे माणसांची तोंडे मी फारशी पाहिली नाहीत, हात मात्र पुष्कळ पाहिले. घाबरलेला हात गार पडतो आणि लबाड हात जरा जास्तच घट्ट धरतो, एवढे मला समजू लागले.

माझे पहिले मालक परशराम दलाल. त्यांच्या बोटांनी दिलेला शब्द कधी फिरला नाही, म्हणून बाजारात मलाही मान होता. मानमोडीच्या तापाच्या साथीत ते गेले. मग त्यांची बायको जयाक्का आठवड्याच्या बाजारात तंबाखूचा लहानसा ढीग घेऊन बसू लागली. तो ढीग ती माझ्यावरच मांडी. सौद्याच्या रुमालाने मातीत पसरायचे, हे मला आधी मुळीच रुचले नाही. पण संध्याकाळी ती मला झटकून इतक्या मायेने घडी घाली की माझा रुसवा टिकत नसे. तिच्या शेजारी गुणाबाई, मनुबाई अशा कितीतरी बायका बसत. त्या ढिगांवरच त्यांच्या चुली पेटत.

मग एके वर्षी वाईट बातमी आली. परवान्याशिवाय कुणी तंबाखू विकायचा नाही, आणि परवाना मिळणार तो पक्की वखार असणाऱ्यालाच, असे बिल मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात येणार होते. वखारवाल्यांनाही त्यात नाना जाच होते. कौन्सिल म्हणजे कायदे करणारी सभा. ती पावसाळ्यात पुण्याला भरत असे. अधिवेशन चालू असतानाच आपल्या मेंबरांना गाठावे, असे बाजाराने ठरवले आणि मारुतीराव वखारवाल्यांना पुढे केले.

मारुतीरावांनी बाजाराच्या भर सभेत पाच मागण्या बोटांवर मोजल्या. अंगठ्यापासून चार बोटे वखारवाल्यांच्या सोयीची होती. करंगळीपाशी येऊन ते थांबले आणि जयाक्काकडे वळले.

"आनि ही करंगळी तुमची, जयाक्का. बाजारात बसनाऱ्या बायकांवर परवान्याची सक्ती नको. ही मागनी सोडली तर माझं नाव बदला."

जयाक्काने मला त्यांच्या हातात दिले. "ह्यो घिऊन जावा, अण्णा. ह्येच्याखाली दिलेला शबूद आजपातुर कुनी मोडला न्हाय."

मारुतीरावांच्या खांद्यावरून मी पुण्याला गेलो. आमचे मेंबर उपेंद्रराव म्हणजे बेळगावचे वकील, टिळकवाडीत राहणारे. अधिवेशनापुरते ते पुण्यात एका बंगल्यात उतरले होते. त्यांच्या दिवाणखान्यात गिरणीवाले, तेलवाले, मोटारवाले आपापली गाऱ्हाणी घेऊन खेटून बसले होते. उपेंद्ररावांचे आजोबा तंबाखूचे अडते होते, त्यामुळे बोटांचा सौदा त्यांना घरातूनच ठाऊक होता.

ते हळूच म्हणाले, "मारुतीराव, पाचही मागण्या पदरात पडायच्या नाहीत. एक सोडा, चारांचं मी बघतो. कोणती सोडता? मोठ्यानं नको, माणसं बसली आहेत. रुमाल आहे ना?"

मी दोन हातांवर पडलो. वकिलांचा हात कोरडा होता. मारुतीरावांचा गार पडला होता. वकिलांनी अंगठा धरला, तो ताठ राहिला. त्यापुढची तिन्ही बोटे ताठ राहिली. मग त्यांनी करंगळी धरली. ती आपणहून मिटली.

मला फार भीती वाटली, मित्रांनो. जयाक्का तेव्हा निपाणीत पुढच्या बाजारासाठी पाला निवडत असेल, आणि तिचा बाजार इथे माझ्याखाली उठला होता. बाहेर चहा फिरत होता, कुणीतरी हसत होते.

मेंबरांनी शब्द दिला म्हणून निपाणीला परतल्यावर मारुतीरावांच्या गळ्यात हार पडले, हलगी वाजली. त्यांनी मला जयाक्काला परत दिले. तिने मला नाकाशी नेले आणि ती दचकली.

"धुतलासा का वो अण्णा?"

"पुण्यात पाऊस लई. भिजलावता," मारुतीराव म्हणाले आणि घाईने निघून गेले. खरे तर त्यांनी मला साबणाने दोनदा चोळले होते.

त्यानंतर काही महिने सगळे नेहमीसारखे चालले. मी मात्र दर बाजाराला धास्तावून पसरत असे. शेवटी दवंडी आलीच. बिगरपरवाना तंबाखू विकणाऱ्याचा माल जप्त होणार होता. वखारवाल्यांना चारही सवलती मिळाल्या होत्या.

बायका मारुतीरावांच्या वखारीवर गेल्या. "म्या लई बोललो," ते म्हणाले, "पर सरकारनं ऐकलं न्हाय."

जयाक्का भांडली नाही. तिने आपला हात पुढे केला आणि त्यावर मला टाकले.

"हात घाला अण्णा. पुन्यात काय ठरलं त्ये बोटांनी सांगा."

पाच-पन्नास माणसे बघत होती. टाकलेल्या रुमालाखाली हात न घालणारा बाजारातून उठतो, त्याच्याशी पुढे कुणी सौदा करत नाही. मारुतीरावांनी हात घातला. परशरामांच्या बायकोला बोटे वाचता येत होती. तिने अंगठा चाचपला, मग एकेक बोट. चारही ताठ होती. करंगळी तळहाताला चिकटून बसली होती. तिने ती हळूच उघडू पाहिली. ती उघडेना.

"समजलं," जयाक्का म्हणाली आणि तिने मला उचलून घेतले.

पुढे ती त्याच वखारीत पाला झाडायला जाऊ लागली. दुसरे काम गावात नव्हते. धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून ती मला तोंडावर बांधते. तिचा खोकला आता सगळ्यांच्या आधी मला कळतो. तो वाढतो आहे. गुणाबाई अशीच खोकत गेली.

आता इंग्रज जाणार, आपले राज्य येणार म्हणतात. नव्या अधिवेशनात वखारीतल्या कामकरणींसाठी काहीतरी कायदा येणार आहे. मालकांच्या वतीने बोलायला मारुतीरावांचा मुलगा ज्योतिबा निघाला आहे. परवा तो जयाक्काकडे आला.

"मावशी, तुमचं बी मांडतो की. तेवढा हातगुनाचा रुमाल द्या."

"रुमाल न्हाय मिळायचा," ती खोकत म्हणाली. "न्यायचं तर मला न्या."

तो हसला. "बायकांचं काय काम तितं?"

जाताना त्याने बाजारातून नवा रुमाल घेतला. माझ्यापेक्षा मोठा आहे, जाडही आहे. खालचा हात हलला तरी वरून कळणार नाही.

मित्रांनो, मला जपा, घडी घालून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस भरत आले आहेत. माझी विनंती त्या नव्या रुमालाबद्दल आहे. तुमच्या नावाने कुणी त्याखाली हात घातला, तर लाजू नका. पुढे व्हा, त्याचा एक कोपरा धरा आणि तो उचला.