स्टिअरिंग न मोडता

बाबांनी शेडच्या दारात खुर्ची टाकली तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्या माणसाने जन्मात माझं एक काम धड बघितलं नाही, तो सकाळी सकाळी चहाचा कप घेऊन बसतो आणि माझ्या हातांकडे टक लावून पाहतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. पण मी रागात होते, आणि रागात मला समोरच्या नटापलीकडे काही दिसत नाही.

भांडण ट्रॅक्टरवरून होतं. ट्रॅक्टर म्हणजे शेतातलं धूड नव्हे. बागेतला, बुटका, माझ्या जन्माच्याही आधीचा. माझ्या रोपवाटिकेत वाफ्यांच्या मधून तेवढाच जातो, म्हणून मला तो चालता हवा होता. माती, खत, कुंड्या सगळं मी हातगाडीवर ओढते आणि कंबर आता कुरकुर करायला लागली आहे. दादाला तो हवा होता त्याच्या घरासमोरच्या हिरवळीवर ठेवायला. शोभेला! बॉनेटमध्ये फुलं लावणार होता म्हणे. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर गंजत पडला तेव्हा ह्याला त्याची आठवण नव्हती. मी इंजिन सोडवून, घासूनपुसून सुरू केलं आणि साहेबांना माया फुटली.

निवाडा बाबांनी केला. स्टिअरिंगच्या दांड्याचा बुश, म्हणजे त्याच्याभोवतीची कडी, झिजला होता, त्यामुळे ट्रॅक्टर सरळ जायचं नाव घेत नव्हता. दांडा खालून निघतो, पण आधी वरचं स्टिअरिंग काढावं लागतं, आणि ते जागचं हलत नव्हतं.

"स्टिअरिंग न मोडता काढलंस तर ट्रॅक्टर तुझा," बाबा म्हणाले. "कापायची वेळ आली तर रविवारी दादा घेऊन जाईल."

दादा हसला. तो नेहमीच हसतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

स्टिअरिंगचा नट निघाला, तोही सहज. तिथेच मी फसले. नट निघाला म्हणजे उरला तो फक्त गंज, असं मी धरून चालले. गंज सोडवायचं तेल ओतलं, रात्रभर मुरू दिलं. ब्लो-लॅम्पने तापवलं. खालून लाकडाचा ठोकळा लावून हातोडा मारला. चाक ओढून काढायचा तीन पायांचा पुलर लावला, त्याचा बोल्ट पिळून पिळून तळहाताला फोड आले, आणि पुलरचा एक पाय सटकून माझ्या अंगठ्यावर बसला. मी कळवळले. दारातून चहाचा भुरका ऐकू आला.

"जोर कमी पडतोय," बाबा म्हणाले.

"मग या की तुम्ही."

"मी कशाला येऊ? ट्रॅक्टर तुला हवाय."

"माझ्या जागी दादा असता तर आला असतात."

"दादा असता तर एव्हाना काढून मोकळा झाला असता."

हातातला पाना मी फेकला. त्यांच्यावर नाही, भिंतीवर. पण मनातलं सांगायचं तर भिंतीवर नव्हता फेकायचा.

शनिवारी दुपारी मी ग्राइंडर काढून ठेवला. कापायचं नक्की झालं होतं. ट्रॅक्टर हातचा जाणार हे घशाखाली उतरत नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन तवा घासायला घेतला आणि तो ओट्यावर आपटत सुटले.

"आपट, आपट," आई म्हणाली. "तवा फुटेल पण मूठ निघायची नाही. ह्यांनी पिन मारलीय तिच्यात."

मी थांबले. मुठीवर पाणी सोडून पाहिलं. काळ्या रंगाखाली मसुराएवढा चकचकीत ठिपका.

आमच्या घरात नटावर कुणाचा विश्वास नव्हता. फावड्याचा दांडा, पलंगाचे पाय, माझ्या तीनचाकीची सीट, सगळ्यांतून बाबांनी आरपार भोक पाडून पिन ठोकलेली. दोन्ही टोकं कानशीने सपाट करायची आणि वरून रंग, म्हणजे दुसऱ्याला पत्ताच लागू नये. आणि ह्याच घरात वाढलेली मी बावळट आठवडाभर नटाच्या जागेकडे बघत बसले होते!

"आई, तुला माहीत होतं?"

"ट्रॅक्टरचं मला काय माहीत? मला हे माहीत आहेत."

मी सँडपेपर घेऊन शेडमध्ये गेले. स्टिअरिंगच्या मधल्या जाड भागावरचा रंग घासायला सुरुवात केली आणि बाबांनी कप खाली ठेवला. दांड्याच्या बाजूला, अगदी खालच्या अंगाला, ठिपका दिसला. त्यावर पोलादी पंच टेकवला, हातोड्याचे तीन-चार दणके दिले आणि पलीकडून पिन बाहेर पडली. पुलर पुन्हा लावला. अर्ध्या फेऱ्यात स्टिअरिंग माझ्या हातात. ते मी तसंच, तेलासकट, बाबांच्या इस्त्रीच्या पँटवर ठेवलं.

"पिनबद्दल बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले.

रविवारी दादा टेम्पो आणि दोरखंड घेऊन आला. ट्रॅक्टरकडे नजर टाकून म्हणाला, "अरे वा, पिन सापडली वाटतं."

म्हणजे ह्यालाही माहीत होतं. मी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बाबा घसा खाकरून म्हणाले, "मीच दाखवली शेवटी. किती झटत होती बिचारी!"

बिचारी! संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही मला राग आला. खोटं पाडायला तोंड उघडलं, पण वाद घातला असता तर तेवढ्यावरून बाबांनी शब्द फिरवला असता. ट्रॅक्टर मला हवा होता.

"ट्रॅक्टर कुणाचा?" मी विचारलं.

"तुझा. शब्द दिलाय ना."

दादा दोरखंड गुंडाळून गेला.

मी नवा बुश घातला, स्टिअरिंग बसवलं. पिनेचं जुनं भोक भरून सपाट केलं. नवं भोक पाडलं, नवी पिन मारली, टोकं कानशीने घासली, वरून रंग दिला. रंग वाळला तेव्हा बाबा आले. चष्मा लावून त्यांनी जुन्या जागेवर अंगठा फिरवला. मग सगळीकडून फिरवला. वाकून खालूनही पाहिलं.

"पिन नाही मारलीस?"

"मारली."

"कुठे?"

मी त्यांच्याच खुर्चीत बसून चहा पीत होते. एक भुरका मारला.

"अगं, मला तरी सांगून ठेव. उद्या काढायची वेळ आली तर?"

"दादाला विचारा," मी म्हणाले.